दिल्लीच्या टेकडीवरचा कागलकर

दिल्लीला गेलेला मराठी माणूस सहसा काय पाहतो? लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट आणि वेळ उरला तर करोलबागेतली दुकाने. मग एक दिवस आग्रा. परत आल्यावर शेजाऱ्यांना पेठ्याचा पुडा द्यायचा आणि ‘थंडी फार होती’ किंवा ‘ऊन फार होते’ एवढे सांगायचे. उत्तर दिल्लीत एक टेकडी आहे, तिच्यावर एका कोल्हापूरकडच्या माणसाचे नाव पावणेदोनशेहून अधिक वर्षे टिकून आहे आणि ते रोज हजारो दिल्लीकरांच्या तोंडी असते, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

कागलच्या एका निवृत्त शिक्षिकेला मात्र ते ठाऊक होते. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. मुलगा नोएडात नोकरीला. यजमान गेल्यापासून मुलाचे एकच पालुपद, ‘आई, कागलचे घर काढून टाक आणि इकडेच राहायला ये.’ या खेपेला मार्चमध्ये महिनाभर त्या मुलाकडे राहिल्या. घराचा विषय रोज जेवताना निघायचा आणि रोज वाढून झाल्यावर मिटायचा. परतीच्या गाडीला दोन दिवस उरले तेव्हा बाईंनी जाहीर केले, “उद्या मी एकटी हिंदूरावला जाणार.”

“हिंदूराव? आई, ते हॉस्पिटल आहे. तुला काय होतंय?” मुलगा घाबरलाच.

“मला काही होत नाही. आपल्या गावचा माणूस आहे तिथे.”

सून सोबत यायला तयार होती, पण बाईंनी नको म्हटले. पायात कापडी बूट, पिशवीत पाण्याची बाटली, दोन पोळ्यांची गुंडाळी आणि छत्री घेऊन त्या सकाळी साडेसहाला बाहेर पडल्या. नोएडाहून निळ्या मार्गाची मेट्रो, राजीव चौकात बदलून पिवळा मार्ग आणि विश्वविद्यालय स्थानक. पुढे रिक्षाने टेकडीच्या फाटकापर्यंत पाच मिनिटे.

टेकडी म्हटल्यावर जोतिबाचा डोंगर डोळ्यांसमोर आणू नये. दिल्लीकर जिला ‘रिज’ म्हणतात ती ही अरवली पर्वताची शेपटी. गुजरातपासून निघालेली ही डोंगररांग दिल्लीत येऊन वजीराबादपाशी यमुनेच्या काठी संपते. पन्हाळा चढलेल्या माणसाला हा चढ म्हणजे जिन्याच्या दोन मजल्यांइतकाच वाटेल. पण सपाट दिल्लीत एवढी उंचीही मोलाची, आणि ती कुणाच्या ताब्यात यावर एकदा अख्ख्या शहराचे नशीब ठरले होते.

सकाळी इथे फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. योगासने करणारे आजोबा, पळणारी विद्यापीठाची मुले, माकडांना केळी घालणारे भाविक. माकडे मात्र अजिबात भाविक नाहीत. फाटकावरचा पहारेकरी बाईंच्या पिशवीकडे बघून म्हणाला, “माताजी, थैला संभालके.” बाईंनी पोळ्या पदराआड घेतल्या. वाटेच्या दोन्ही अंगांना विलायती किकर म्हणजे आपली वेडी बाभूळ दाट माजली आहे, पण मधूनच एखादी सावर लालभडक फुलांनी पेटलेली दिसते. मार्चमधली दिल्ली पाहावी ती अशी. पंधरा दिवसांनी हेच ऊन सोसवत नाही.

पहिला थांबा फ्लॅगस्टाफ टॉवर. १८२८ मध्ये बांधलेला हा गोल बुटका बुरूज. ११ मे १८५७ रोजी मीरतचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा शहराबाहेरच्या छावणीतली गोरी कुटुंबे जीव मुठीत धरून इथे गोळा झाली. मे महिन्याचे ऊन, एवढीशी खोली, बायका-मुले, आणि मीरतहून मदत येईल म्हणून रस्त्याकडे लागलेले डोळे. मदत आली नाही. संध्याकाळी ती माणसे मिळेल त्या वाहनाने कर्नालच्या दिशेने पांगली. शाळेत हा धडा शिकवताना बाई नेहमी शिपायांच्या बाजूने बोलत आल्या. बुरुजाच्या सावलीत बसून पाणी पिताना त्यांना पहिल्यांदाच त्या लहान मुलांची आठवण झाली.

बुरुजापासून दक्षिणेकडे टेकडीच्या माथ्यावरून सरळ रस्ता जातो. तीनेक किलोमीटरची ही चाल म्हणजे इतिहासाची उलटसुलट लावलेली पाने. वाटेत चौबुर्जी मशीद लागते, तुघलकांच्या काळातली. आणि मग झाडांवरून इमारतींची टोके दिसू लागतात, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो. हेच हिंदूराव.

कोण हे हिंदूराव? सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव. सर्जेराव म्हटले की पुणेकरांच्या कपाळावर आजही आठी पडावी. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या नावाने पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना छळून पैसा उकळणारा तोच हा माणूस. त्याच वर्षी त्याने आपली लेक बायजाबाई दौलतरावांना दिली आणि कागलच्या घाटग्यांचे नाते ग्वाल्हेरशी जडले. सर्जेराव १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतच मारला गेला. लेक मात्र बापाहून कितीतरी मोठी निघाली. दौलतराव १८२७ मध्ये वारले, तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. बायजाबाईंनी दत्तक घेतला आणि सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार स्वतः हाकला. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवर जो खांबांचा मंडप आहे, तो त्यांनीच बांधवला. कागलच्या घाटग्यांचे पुढचे नाव तर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले ते याच घराण्यातून.

१८३३ मध्ये दत्तक मुलगा जनकोजी आणि बायजाबाई यांचे बिनसले आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. बहिणीची सत्ता गेली तशी भावाचीही गेली. हिंदूराव दिल्लीला येऊन राहिले. त्या काळी दिल्लीत बादशहा नावापुरता होता आणि खरा अंमल इंग्रजांचा. तिथे या सत्ता गेलेल्या मराठा सरदाराने टेकडीवरचे सगळ्यात देखणे घर विकत घेतले.

ते घर बांधले होते विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने. २२ मार्च १८३५ च्या रात्री घरी परतताना वाटेत त्याला गोळी घालून मारण्यात आले. फिरोजपूर झिरक्याच्या नवाब शम्सुद्दीनने हा खून करवला असे ठरले आणि त्याच वर्षी काश्मिरी दरवाजाबाहेर नवाबाला फाशी झाली. हा नवाब म्हणजे पुढे नावाजलेल्या दाग देहलवी या शायराचा बाप. असे हे रक्ताचा डाग लागलेले घर हिंदूरावांनी घेतले आणि लोक त्याला हिंदूरावांचे घर म्हणू लागले. राहणी साहेबी, शिकारीचा शौक, इंग्रजांच्या मेजवान्यांना हजेरी. बंड करावे, राज्य परत मिळवावे अशातला हा माणूस नव्हे. बाई म्हणूनच वर्गात त्यांच्याविषयी कधी एका वाक्यापेक्षा जास्त बोलल्या नव्हत्या. पराक्रम नाही, फितुरीही नाही. अशा माणसाचे मुलांना काय सांगायचे?

पण मेल्यावर माणसाच्या घराचे काय होईल हे कुणाच्या हाती असते! हिंदूराव १८५७ च्या आधीच वारले. घर रिकामे होते. ८ जून १८५७ रोजी इंग्रज फौजेने ही टेकडी घेतली आणि हिंदूरावांच्या घरात मुख्य ठाणे बसवले. मेजर चार्ल्स रीडच्या हाताखालची गुरख्यांची सिरमूर पलटण आणि गोऱ्यांची ६० वी रायफल्स तिथे तीन महिन्यांहून अधिक काळ ठाण मांडून होती. शहराचा तट इथून जेमतेम मैलभर. तटावरच्या मोरी बुरुजाच्या तोफा रोज या घरावर आग ओकत. शिपायांनी हल्ल्यामागून हल्ले केले, पण ठाणे पडले नाही. सिरमूर पलटणीच्या ४९० जणांपैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. १४ सप्टेंबरला इंग्रजांनी इथूनच खाली उतरून शहरावर शेवटचा हल्ला चढवला आणि आठवड्याभरात दिल्ली पडली. मराठा सरदाराचे घर दिल्लीच्या मुळावर उठले. यात त्या सरदाराचा काडीचाही दोष नाही, आणि तरीही नाव त्याचेच.

आज तिथे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. २०१३ पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बाई आवारात शिरल्या तेव्हा केसपेपरच्या खिडकीपुढे ही रांग. बिहारमधून आलेली कुटुंबे, कडेवर पोर घेतलेल्या बाया, भिंतीला टेकून बसलेले म्हातारे. जुने घर इमारतींच्या गर्दीत सहजी ओळखू येत नाही. इथे कॅमेरा काढून फिरणे बाईंना बरे वाटले नाही, आणि ते योग्यच. दुखणाईतांच्या गर्दीत पर्यटकाने मिरवू नये.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारले, “ये हिंदू राव कौन थे, पता है?”

टपरीवाला थोडा विचारात पडला. “कोई राजा रहे होंगे, माताजी. या कोई बडे डॉक्टर.”

बाजूच्या बाकावर बसलेल्या तरुणाने दुरुस्ती केली, “नहीं नहीं, पहले सिर्फ हिंदुओं का अस्पताल रहा होगा.”

“हमारे गाव के थे,” बाई म्हणाल्या. दोघांनी अदबीने मान हलवली. टपरीवाल्याने चहाचे पैसे मात्र घेतले.

खरी गंमत पुढे होती. रुग्णालयाला लागूनच एक दुमजली, ओबडधोबड दगडांची जुनी वास्तू आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात या टेकडीवर शिकारीसाठी महाल बांधला, त्याचा हा उरलेला भाग. जवळच त्याच काळातली एक मोठी पायऱ्यांची विहीर आहे, तिकडे बावली म्हणतात. वरच्या मजल्यावर एक थडगे आहे. इथे राहणारा एक पीर एके दिवशी अचानक अदृश्य झाला अशी आख्यायिका आहे, म्हणून या जागेचे नाव ‘पीर गैब’.

बाई ते नाव वाचून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

कागलला ज्यांनी उरूस पाहिला असेल त्यांना कारण सांगायला नको. कागलचे ग्रामदैवत गहिनीनाथ गैबीपीर. गावचा मुख्य चौक गैबी चौक. हिंदू त्याला गहिनीनाथ म्हणून नारळ फोडतात, मुसलमान पीर म्हणून चादर चढवतात, आणि उरसात सगळा गाव एक होतो. घाटगे घराण्याची या देवावर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा. दिल्लीचा पीर आणि कागलचा पीर यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे इतिहासाच्या शिक्षिकेला कुणी सांगायची गरज नव्हती. दिल्लीची वास्तू हिंदूरावांच्या साडेचारशे वर्षे आधीची. पण गाव सुटलेला तो माणूस हे घर पाहायला पहिल्यांदा टेकडीवर आला असेल आणि कुणी तरी शेजारच्या पडक्या वास्तूकडे बोट दाखवून ‘ये पीर गैब है’ म्हणाला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? कागदपत्रांत असल्या गोष्टी सापडत नाहीत. बाईंनी पायातले बूट काढले, उंबऱ्याशी हात जोडले आणि बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिल्या. गैबी चौकातून त्यांचे घर चालत चार मिनिटांवर आहे.

रुग्णालयापासून थोडेच पुढे रस्त्याच्या कडेला सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. फिरोजशहाने दोन अशोकस्तंभ दिल्लीत आणले. टोपऱ्याचा त्याच्या कोटल्यात उभारला आणि मीरतचा इथे. अठराव्या शतकात फर्रुखसियर बादशहाच्या काळात झालेल्या स्फोटात या स्तंभाचे पाच तुकडे झाले. त्यावरचा लेख कापून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत नेला गेला. १८६६ मध्ये तो परत आला आणि दुसऱ्या वर्षी तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा राहिला. सांधे आजही स्पष्ट दिसतात. प्राण्यांना मारू नका असे स्तंभलेखांतून सांगणाऱ्या अशोकाच्या पायथ्याशी इथली माकडे निर्धास्त पसरलेली असतात. बाईंच्या पोळ्यांपैकी एक इथेच गेली.

टेकडीची चाल संपते ती अजितगडापाशी. तांबड्या दगडाचा हा टोकदार मनोरा इंग्रजांनी १८६३ मध्ये आपल्या पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधला. त्यावरच्या शिळांत ‘शत्रू’ म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते आपलेच लोक. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, सरकारने तिथे नवी शिळा बसवली आणि हे शत्रू नसून स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते असे लिहिले. मनोऱ्याचे नाव अजितगड केले. जुनी अक्षरे खोडली नाहीत, शेजारी नवी लिहिली, हे फार चांगले केले. खालून जाणाऱ्या रस्त्याचे नाव राणी झाँसी मार्ग. म्हणजे तांब्यांची मनू आणि घाटग्यांचे हिंदूराव, दोघांची नावे दिल्लीत हाकेच्या अंतरावर.

इथून बाईंनी रिक्षा केली. “काश्मिरी गेट,” त्या म्हणाल्या. वाटेत रिक्षावाल्याने माहिती पुरवली की हिंदू राव दोन आहेत. एक टेकडीवरचा दवाखाना आणि दुसरा सदर बाजाराकडचा मोहल्ला, बाडा हिंदू राव. ‘बाडा’ म्हणजे आपला ‘वाडा’च. घाटग्यांच्या नावाचा मोहल्ला दिल्लीकर रोज तोंडात घोळवतात, फक्त ‘व’ चा ‘ब’ होतो.

काश्मिरी दरवाजाच्या दोन्ही कमानी आजही उभ्या आहेत आणि भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. तिथून जवळच पिवळ्या रंगाचे, मोठ्या घुमटाचे सेंट जेम्स चर्च. कुणाला वाटेल, हिंदूरावांच्या शोधात चर्च कशाला? पण हे चर्च बांधणारा जेम्स स्किनर तरुणपणी शिंद्यांच्याच फौजेत होता. १८०० मध्ये उनियाऱ्याच्या लढाईत जखमी होऊन पडला असता, वाचलो तर चर्च बांधीन असा त्याने नवस केला. नवस फेडायला छत्तीस वर्षे लागली. चर्च १८३६ मध्ये पुरे झाले. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटल्यावर त्याची शिंद्यांकडची चाकरी सुटली आणि तो इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या हातून दिल्ली गेली. स्किनरचा जिवलग मित्र कोण, तर फ्रेझर. तो याच चर्चच्या आवारात पुरला आहे. घर बांधणारा इथे खाली निजलेला आणि घराला नाव देणारा वर टेकडीवर.

लाल किल्ल्यासाठी उन्हे कलल्यावर दीडेक तास मिळाला. काश्मिरी गेटपासून मेट्रोने एकच स्थानक. सोमवारी किल्ला बंद असतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दिवाण-इ-खासच्या छताकडे सगळेच मान वर करून बघतात. एके काळी ते छत चांदीचे होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा पगार भागवण्यासाठी ती चांदी उतरवली आणि तिची नाणी पाडली. तेथून पुढे पानिपत. बाईंच्या शेजारी मुंबईहून आलेले एक कुटुंब उभे होते. वडील मुलाला सांगत होते, “इंग्रजांनी सगळं लुटून नेलं बघ.” इंग्रजांनी या किल्ल्यातून बरेच नेले आणि पाडलेही, यात शंका नाही. पण चांदीचे तेवढे खरे सांगावे की नाही, या विचारात बाई क्षणभर घुटमळल्या. मग राहवेना. त्यांनी सांगितले. वडिलांचा चेहरा उतरला, मुलाचे डोळे मात्र चमकले. “म्हणजे आपण?” त्याने विचारले.

किल्ल्याच्या पूर्वेच्या सज्जापाशी उभे राहिले की खाली एके काळी यमुना वाहत होती. आता तिथे रस्ता आहे आणि मोटारी वाहतात. नदी दूर सरकली.

एकट्याने, त्यातून बाईमाणसाने ही फेरी करावी का, असे पुष्कळजणी विचारतील. जरूर करावी, पण टेकडीवरची चाल सकाळीच उरकावी. तेव्हा माणसांची जाग असते. मुख्य रस्ता सोडून झाडीत शिरू नये, अंधार पडल्यावर तर नाहीच. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नये. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले, मात्र ऐन डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके फार. सगळ्या दिवसाचा खर्च म्हणजे मेट्रो, रिक्षा आणि किल्ल्याचे तिकीट, एवढाच.

रात्री साडेआठला बाई नोएडाला पोहोचल्या तेव्हा मुलगा फाटकापाशीच उभा होता. जेवताना त्याने सगळे ऐकून घेतले. पीर गैबचे ऐकून तोही थबकला, कारण उरसातल्या पाळण्यांत तोही बसला होता. मग भाताचा घास घेता घेता त्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच.

“मग घराचं काय ठरवलंस, आई?”

“पावसाळ्याच्या आधी शाकारणी करून घ्यायची आहे,” बाई म्हणाल्या. “मागच्या पडवीची कौलं फार फुटलीत. तू मे महिन्यात चार दिवस ये. पोराला घेऊन ये.”

सुनेने वरण वाढले.